अनुकेतला दिलेली बांगडी

आत्याआजी आता आपल्या घरी राहत नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही दोघी तेवढंच शोधत बसणार नाही. ती तांबरमच्या पुढे एका निवासात आहे. विसर पडत चाललेल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे सांभाळतात. तिला तिथे मी ठेवलं. कागदावर सही माझी आहे.

थोरलीने मला फोनवर तीनदा विचारलं, आत्याआजी कुठे आहे, आणि तिन्ही वेळा मी म्हणाले, ती झोपली आहे. तिसऱ्या वेळी धाकटी मागून म्हणाली, "आत्याआजी मांजर झालीय का?" तुम्ही हसलात, मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर ठरवलं की आता नीट लिहून कळवायचं. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईने नातींशी खोटं बोलू नये, निदान तिन्ही वेळा एकच खोटं बोलू नये.

हे मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं. तुम्हाला ते सोपं गेलं असतं. दोन पानं झाली, पण आत्याआजी काही त्यात बोलेना. तिची वाक्यं इंग्रजीत घातली की ती दुसरीच कुणी बाई वाटायची. म्हणून मराठीत लिहिते आहे. बाबा वाचून दाखवेल. तो अडखळला तर त्याला हसू नका, त्याचं शिक्षण तामिळ आणि इंग्रजीत झालं आहे.

तुमची आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणते. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा अक्काने आजोबांना वाढवलं. ती स्वतः चोविसाव्या वर्षी विधवा झाली, मूलबाळ नव्हतं. तंजावरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने नोकरी केली, कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांचे ट्रंककॉल जोडून दिले. गावातल्या निम्म्या लोकांना ती आवाजावरून ओळखत असे. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे चेन्नईला, पश्चिम मांबलमला आली आणि राहिली. मी पुण्याची, लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला तामिळ येत नव्हतं आणि या लोकांचं तंजावरी मराठीही धड कळत नव्हतं. ते 'आहे'ला 'अहे' म्हणत, 'कुठे'ला 'कोठे', आणि मध्येच तामिळमध्ये शिरत. अक्का मला 'पुणेकरीण' म्हणायची. अजून म्हणायची, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत.

आजोबा शेवटच्या आजारात असताना त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली. अक्काला परक्यांच्या हाती द्यायचं नाही. मी हो म्हणाले. हो म्हणणं त्या वेळी फार सोपं होतं. तेव्हा अक्का स्वयंपाकघरात रसवांगी करत होती आणि मोहरी जास्त तडतडली म्हणून माझ्या नावाने कुरकुरत होती.

विसराची सुरुवात आम्हाला कळलीच नाही. माझ्या सवयी तुम्हाला ठाऊक आहेत. शाळेत वेळापत्रक करण्याचं काम माझ्याकडे असे, सव्वीस वर्गांचं, एकाही बाईंचे दोन तास एकावर एक येऊ न देता. अक्का चुकायला लागली तेव्हा मी तेच केलं. फ्रिजवर तिचं वेळापत्रक लावलं. दारांवर, डब्यांवर, कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: न्हाणीघर, देवघर, मीठ, साखर. जाड पेनाने, सुंदर देवनागरी अक्षरात. तीन महिने मी त्या चिठ्ठ्या बदलत राहिले, अक्षर मोठं करत राहिले, आणि ती तरी चहात मीठ घालत राहिली. मग एक दिवस लक्षात आलं. अक्काचं शिक्षण तामिळमधलं. देवनागरी तिला मीच शिकवली होती, ती आमच्याकडे आल्यावर, सुट्टीच्या दिवशी दुपारची भांडी झाली की. नंतर शिकलेलं आधी गेलं होतं. मी सगळ्या चिठ्ठ्या काढून तामिळमध्ये लिहिल्या. माझं तामिळ अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आहे, पण मीठ आणि साखर आणखी काही महिने आपापल्या जागी राहिली.

डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या आणि सांगितलं, याने त्या बऱ्या होणार नाहीत, उतरण जरा हळू होईल. मी विचारलं, किती हळू. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही.

त्याच सुमारास थोरलीला शाळेत प्रकल्प मिळाला. जगातली एक नदीदेवी निवडायची होती. तुझ्या मैत्रिणीने गंगा घेतली म्हणून तू रुसलीस, आणि यादीत उरलेल्यांतली इजिप्तची अनुकेत तुझ्या वाट्याला आली. तू मला प्रश्न पाठवायचीस, मी शोधून उत्तरं लिहायची. मला ते काम फार आवडलं. रोज दुपारी तीन ते चार मी त्याला दिले, वेळापत्रकात तशी नोंद केली, आणि त्या वेळात अक्का माझ्या शेजारी आरामखुर्चीत बसायची, म्हणून तिलाही वाचून दाखवू लागले.

संगणकावर अनुकेतचं चित्र आलं. उंच मुकुट, त्यात उभी पिसं, हातात दंड.

"कोण ही?"

"मिसरची नदीदेवी, अक्का. नाईलची. अनुकेत."

"डोक्यावर काय खोवलं अहे?"

"पिसं. कुणी म्हणतं शहामृगाची, कुणी म्हणतं ती लव्हाळ्याची पाती आहेत."

"नदीला पिसं कशाला गे? भिजणार नाहीत का?" मग थोडं थांबून, "नवरा कोण?"

मी कागद चाळले. "एका पुस्तकात ख्नुम नावाचा देव तिचा नवरा आहे. तो चाकावर माती फिरवून माणसं घडवायचा. दुसऱ्या पुस्तकात तोच तिचा बाप आहे."

"अय्यो. बाप की नवरा, एवढंही ठरवून ठेवलं नाही त्यांनी?" अक्का खुर्चीत सावरून बसली. "तुझ्यासारखी एक हवी होती तेथे. वहीत मांडून ठेवली असतीस."

त्या दिवशी ती पूर्ण शुद्धीत होती. असे दिवस असत. त्यांच्यामुळेच बाकीचे दिवस कठीण जात.

मी तिला सांगितलं की नाईल जिथे खडकांवरून फेसाळत खाली येते, तिथल्या बेटांवर या देवीची पूजा होई. की उन्हाळा चढला आणि पाणी वाढायला लागलं की तिचा सण असे. की तिच्या नावाचा अर्थ कवटाळणारी, कारण पुराचं पाणी शेतांना दोन्ही हातांनी कवेत घेई आणि मागे काळी माती ठेवून जाई.

"हे आमचंच," अक्का म्हणाली. "आडीपेरुक्कू."

तुम्हाला हा सण पाहायला मिळालेला नाही. तामिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीला नवं पाणी येतं. त्या दिवशी कावेरी गरोदर असते असं मानतात. बायका तिला डोहाळे पुरवायला चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात करून नेतात, आणि ताडाच्या पानाची कर्णफुलं आणि काळे मणी पाण्यात सोडतात. अक्का लहानपणी तंजावरजवळच्या घाटावर हे करत असे. चेन्नईत आमच्या जवळ अड्यार नदी आहे, पण तिच्या काठी जाऊन काही खावं अशी ती उरलेली नाही. म्हणून अक्का इतकी वर्षं न्हाणीघरात पितळी घंगाळ भरून त्यातच कर्णफुलं सोडायची आणि नंतर ते पाणी तुळशीला घालायची. मी हसायचे. "घंगाळातली कावेरी," म्हणायचे. ती म्हणायची, "तुमच्या पुण्यात नदी किती मोठी अहे ते मी पाहिलं अहे."

"आणि त्या सणाला," मी वाचून दाखवलं, "एरवी न खाण्याचे मासे खायला मुभा असे."

"नदीच्या सणाला नदीचीच लेकरं खायची? छान अहे."

मग मी ते वाक्य वाचलं. थोरले, ते उत्तर तुझ्या प्रकल्पात पाचवं आहे. पाणी दिल्याबद्दल लोक देवीला सोनं आणि दागिने अर्पण करत, नदीत टाकून देत.

हातातल्या सोन्याच्या दोन बांगड्या अक्काने वर ढकलल्या, पुन्हा खाली येऊ दिल्या. त्या तिने टेलिफोनच्या नोकरीच्या पहिल्या काही पगारांतून हळूहळू करवून घेतल्या होत्या. विधवेने घालू नयेत म्हणाले तरी काढल्या नाहीत. त्यांचं पुढे काय करायचं, कुणासाठी ठेवायच्या, यावर घरात कधी बोलणं झालं नाही. त्या तिच्या हाताचाच भाग होत्या.

"आता टाकतात का?" तिने विचारलं.

"आता पूरच येत नाही, अक्का. वर मोठं धरण बांधलं आहे. हवं तेव्हा हवं तेवढं पाणी सोडतात."

"आमच्या कावेरीच्या मेट्टूरसारखं?"

"तसंच."

"मग किल्ली कोणाकडे अहे?"

मी म्हणाले, "सरकारकडे." आम्ही दोघी हसलो. मी ते तुला लिहून पाठवलं आणि तुझ्या बाईंनी त्या ओळीखाली हसरा चेहरा काढला, तुला आठवत असेल.

त्यानंतर अक्का पाण्याला वस्तू देऊ लागली. आधी चष्मा बादलीत सापडला. मग कंगवा, मग गोळ्यांची पाकिटं, मग माझ्या वेळापत्रकाचा कागद, घडी घालून. मला वाटलं, हातातून पडतंय. नळ उघडा राहायचा, मला वाटलं, विसरतेय. मी नोंद केली: 'नळ तपासणे, दर अर्ध्या तासाने.' एक दिवस मी न्हाणीघराच्या दारात उभी राहून पाहिलं. तिने नळ पूर्ण उघडला, बादली भरून पाणी लादीवर येऊ दिलं, पायांपर्यंत येऊ दिलं आणि हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी नळ बंद केला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या तरी पूजेत जोड्यांसकट शिरले आहे.

आता तुम्ही म्हणाल, एक नळ उघडा राहिला तर काय झालं. तुमच्याकडे काही होत नाही. आमच्या इमारतीत सोळा घरं आहेत. उन्हाळ्यात सरकारी पाणी एक दिवसाआड येतं, बाकी टँकरची लॉरी. लॉरी खालच्या सम्पमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, पाणी ओतते, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत जातं, तिथून सगळ्यांच्या नळाला. अक्काने एका सकाळी नळ सोडून गच्चीवरची अख्खी टाकी रिकामी केली. ऑफिसला निघालेली माणसं साबण लावून उभी राहिली. असोसिएशनचे सेक्रेटरी स्वतः वर आले. फार सभ्य गृहस्थ. बूट काढून आत आले, पाणी घेणार का विचारलं तर नको म्हणाले, आणि म्हणाले, "मॅडम, तुमची अडचण आम्हाला समजते."

खालच्या मजल्यावरची मामी त्याहून बरी. ती जिन्यात म्हणाली, "तुमच्या अक्कामुळे माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा एका तांब्यात आंघोळ केली. वाया गेलं नाही काही."

बाबा रोज फोन करू लागला. "आई, तू सत्त्याहत्तर वर्षांची आहेस. किती दिवस करणार?" मी म्हणाले, बाई ठेवली आहे. दिवसाची बाई दोन आठवड्यांत गेली, दुसरी चार दिवसांत. तिसरीला अक्काने मोलकरीण समजून रागावलं आणि तिनेही उलट उत्तर दिलं, तेव्हा मीच तिला काढलं. दाराला आतून वर कडी बसवून घेतली, अक्काचा हात पोचणार नाही अशी. माझाही जेमतेम पोचतो.

त्याच दिवसांत धाकटीने फोनवर 'हॅलो आत्याआजी' म्हटलं आणि अक्का कान पुढे करून म्हणाली, "नंबर प्लीज." धाकटीला वाटलं खेळ आहे. तिने आपल्या घराचा नंबर सांगितला. अक्का म्हणाली, "लाईन बिझी अहे. थांबा." आणि फोन माझ्या हातात देऊन निघून गेली. तुम्ही खूप हसलात. नंतर तुम्ही पुन्हा पुन्हा तो खेळ मागितलात आणि मी अक्काला फोनवर आणणं हळूहळू बंद केलं. कारण तो खेळ नव्हता.

आडीचा अठरावा दिवस आला. मी ठरवलं की तिचा सण नीट करायचा. मनात होतं, एकदा रीतसर पूजा झाली की कदाचित नळाचा नाद सुटेल. वर्गातल्या मुलींना मैदानात पळवून आणलं की पुढचा तास शांत जातो, तसं काहीसं. पहाटे उठून तिन्ही भात केले. कर्णफुलं आदल्या दिवशी मिळाली नव्हती. बाजाराच्या रस्त्याला ती विकायला जी म्हातारी बसते ती आठला येते. माझ्या वेळापत्रकात सगळं होतं. अक्काची न्याहारी साडेसात, मग ती तासभर डुलकी घेते. लॉरी दहाला. मी आठला निघून साडेआठला परत.

ती झोपली. मी कडी बाहेरून लावता येत नाही म्हणून दार नुसतं ओढून घेतलं आणि खाली उतरले. अर्धा तास.

त्या दिवशी लॉरी सव्वाआठला आली. सण असल्यामुळे त्यांना लवकर मोकळं व्हायचं होतं. लॉरीची ती मोठी नळी टाकीत सोडली की केवढा आवाज होतो ते तुम्ही इथे होतात तेव्हा ऐकलं आहे. धाकटी कानावर हात ठेवायची. अक्का त्या आवाजाने जागी झाली असणार. नवं पाणी आलं म्हणून.

पुढचं मला वॉचमनच्या बायकोने सांगितलं. ती अंगणात कोलमची रांगोळी काढत होती. अक्का जिना उतरून आली, हातात दहीभाताचं भांडं आणि हळदीकुंकवाचा करंडा. टाकीचं लोखंडी झाकण उघडं, लॉरीचा माणूस गाडीमागे पंप पाहत होता. अक्काने सगळी हळद पाण्यात टाकली, मग कुंकू, मग भात. बाईला वाटलं, काही पूजा आहे, आज सगळेच करतात. मग अक्काने बांगड्या काढल्या. त्या सांधे सुजल्यामुळे किती वर्षं निघत नव्हत्या. साबण लावून निघाल्या नव्हत्या त्या तिने कशा काढल्या देव जाणे, मनगटाची सालं निघाली होती. त्या पाण्यात टाकल्या, आणि त्या कशा जातात ते पाहायला ती वाकली. वाकतच गेली. वॉचमनच्या बायकोने मागून साडी धरली. साडी सुटत आली, तेव्हा तिने कमरेला मिठी मारली आणि दोघी काठावर पडल्या.

मी कोपऱ्यावर वळले तेव्हा माझ्या हातात ताडाच्या पानाच्या कर्णफुलांची पुडी होती. फाटकात माणसं जमलेली दिसली. अक्का पायरीवर बसली होती, साडी अर्धी सुटलेली, आणि वॉचमनची बायको तिच्या निऱ्या खोचत होती. अक्काने मला पाहिलं आणि आनंदाने म्हणाली, "आली गे पुणेकरीण. पाणी आलं, बघ. मी दिलं."

पाणी पिवळं झालं होतं, त्यावर भाताची शितं तरंगत होती. सोळा घरांचं पाणी.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. टाकी उपसली, खरवडून धुतली, त्यात दिवस गेला. गाळात एक बांगडी मिळाली. दुसरी बादल्यांबरोबर गटारात गेली असेल. संध्याकाळी सेक्रेटरी पुन्हा बूट काढून आत आले आणि म्हणाले की टाकीच्या झाकणाला ते कुलूप लावत आहेत, पण मॅडम, गच्चीही आहे, जिनाही आहे. मी म्हणाले, हो. सगळं खरं होतं. त्यांनी जाताना विचारलं, तुमच्या हाताला काय झालं. मी कर्णफुलांची पुडी दिवसभर मुठीत धरून ठेवली होती, पानाच्या कडांनी तळहात कापला होता.

त्या दिवशी मी आजोबांच्या फोटोसमोर काही बोलले वगैरे नाही. बोलून काय सांगणार होते? मी सांभाळू शकत होते तेवढं सांभाळलं, असं म्हणायचं तर तेही खरं नव्हतं. मी तिला सोन्याची गोष्ट वाचून दाखवली होती, आणि अर्ध्या तासासाठी बाहेर गेले होते. बाबाचा फोन आला तेव्हा मी आधीच निवासाचा पत्ता काढून ठेवला होता. तो रडला. मी त्याला म्हणाले, रडू नकोस, फॉर्म पाठवलाय तो वाचून दे.

फॉर्म चार पानांचा होता. तुम्हाला माहीत आहे, मला फॉर्म भरायला आवडतात. औषधं, वेळा, काय खाते, काय खात नाही, कोणती भाषा कळते. मी सगळं नीट लिहिलं. शेवटच्या पानावर होतं, कोणत्या गोष्टींपासून जपावं. तिथे मी लिहिलं, नळ उघडते, पाण्यावर वाकते. अक्षर स्वच्छ यावं म्हणून ते वाक्य आधी दुसऱ्या कागदावर लिहून पाहिलं.

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी मांबलमहून तांबरमची गाडी पकडते, पुढे रिक्षा. निवास स्वच्छ आहे. मुली प्रेमाने वागतात, तिला पाटी म्हणतात, म्हणजे आजी. ती मला पहिल्या महिन्यात ओळखायची. मग मी एक्स्चेंजमधली कुणी झाले. मग नुसती कुणीतरी. सोनं तिथे चालत नाही म्हणून सापडलेली बांगडी मी माझ्या हातात घातली आहे. माझा हात तिच्याहून बारीक, ती खालीवर होत राहते.

यंदा पुन्हा आडीचा अठरावा आला. मी तिन्ही भात डब्यात भरून नेले, कर्णफुलंही नेली. तिथल्या मुलीला विचारलं, तिने प्लास्टिकचा टब आणून त्यात दोन तांबे पाणी घातलं आणि शेजारी उभी राहिली. अक्काने कर्णफुलं हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, आणि बरोबर सोडली, देठाकडून. ती तरंगली. मग तिने माझा हात पाहिला.

"एकच का तुम्हाला?"

मी बांगडी मनगटावरून वर ढकलली.

"दुसरी तिला दिलीत?" तिने टबकडे बोट केलं.

"हो," मी म्हणाले.

"बरं केलं तुम्ही. मागून घेते ती." मला ती 'तुम्ही' म्हणत होती. इतक्या वर्षांत तिने मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

मुलीने टब उचलून नेला. अक्का उठली, भिंत धरत आपल्या खोलीतल्या न्हाणीघराशी गेली. मी मागे गेले. तिथल्या नळाला चावी नव्हती. पितळेचा नुसता चौकोनी खुंट होता. तिने तो दोन बोटांनी धरून फिरवला, मग पदराने धरून फिरवला. बोटं लाल झाली.

"किल्ली कोणाकडे अहे?" तिने मला विचारलं. नम्रपणे, जसं ऑफिसात अनोळखी माणसाला विचारतात.

मी म्हणाले, विचारून येते. ऑफिसात जाऊन म्हणाले, तिच्या न्हाणीघराच्या नळाला चावी नाही, बाकीच्या खोल्यांत आहे. तिथल्या बाईंनी शांतपणे फाइल काढली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. माझंच अक्षर होतं. स्वच्छ आलं होतं.

मी विचारलं, हे खोडता येईल का. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी सही करायला हवी, आणि डॉक्टर गुरुवारी येतात. मी गुरुवार वहीत लिहून घेतला. मग त्यांनीच समजावलं की खोडून तरी काय करणार, मॅडम, पाणी उघडं राहिलं तर त्या घसरतील. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी गुरुवारवर रेघ मारली.

परत आत गेले तेव्हा अक्का न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली होती आणि त्या कोरड्या नळाकडे पाहत होती. मी तिच्या शेजारी बसले. मला खाली बसलं की उठता येत नाही, तरी बसले. ती जरा सरकली, मला जागा करून दिली, आणि म्हणाली, "थांबा. येईल आता."

आम्ही गाडीच्या वेळेपर्यंत तिथे बसलो होतो.